समीराच्या डाव्या बाजूला

ऑक्टोबरमधला दुसरा शनिवार, दुपार. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं समीराचं घर. हजर: तिच्या मुली हाला आणि रीम, सासू, दोन जावा, हालाची होणारी सासू, डिअरबॉर्नहून आलेल्या आठ-दहा बायका आणि मी, शेजारीण. पुरुष खालच्या बेसमेंटमध्ये बसले होते. बिनसाखरेची कॉफी आणि खजूर फिरत होते. एका बाईंनी विचारलं, "समीरा कशानं गेली?" "लिव्हर," हाला म्हणाली आणि कप उचलायला वाकली. ते खोटं नव्हतं. शेवटी तो रोग लिव्हरपर्यंत पोहोचलाच होता; पण निघाला होता स्तनातून. त्या खोलीत हे तिघींनाच माहीत होतं... दोन मुली आणि मी. मी मराठीत लिहितेय आणि नावं बदलली आहेत, म्हणूनच लिहितेय.

समीरा लेबननची. मुली शाळेत असल्यापासूनची आमची ओळख. त्यांच्यात बाईला मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून ती मला 'उम्म ईशान' म्हणायची, ईशानची आई. मुली 'खालतो' म्हणायच्या, म्हणजे मावशी. दोन वर्षांपूर्वी ती द्राक्षाच्या पानांचे रोल घेऊन आली, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "तू ड्रायव्हिंग करशील का? मला 'ते' झालंय." त्या रोगाचं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. गाठ हाताला लागून बरेच महिने झाले होते. आधी रमजान होता, मग हालाचं ठरत होतं. मी फाइल केली, तारखा माझ्या फ्रिजवर लावल्या. नवरा बस्साम सोबत यायला तयार होता; पण त्याची गाडी रोज त्या वाटेनं दिसली तर कुणीतरी विचारेल, म्हणून तिनं त्याला कामावर पाठवलं.

हॉस्पिटलही तिनं मुद्दाम तासाभराच्या अंतरावरचं निवडलं होतं. तिथं अरबी दुभाषी फुकट मिळते, असं मी सांगितलं. "म्हणूनच नको," ती म्हणाली. "ती माझ्या जावेच्या बहिणीची मैत्रीण निघेल. मग मुलाकडचे म्हणतील, आईला झालं म्हणजे मुलीलाही होणार." आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणातही वेगळं काही झालं नसतं, म्हणून मी वाद घातला नाही. डॉक्टर बोलायचे तेव्हा ती माझं मनगट धरून बसायची. ऑपरेशननंतर एकदा परतीच्या वाटेवर म्हणाली, "बस्साम म्हणतो, मला दाखव, मी घाबरणार नाही. मी दिवा बंद करते." आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

डोक्यावर हिजाब असल्यामुळे केस गेलेले बाहेर कुणाला कळले नाहीत. धास्ती होती ती बायकांच्या समारंभाची. हालाच्या साखरपुड्याला हॉलमध्ये फक्त बायका, त्यामुळे सगळ्यांचे हिजाब उतरलेले, केस पार्लरमधून सेट करून आणलेले. समीरानं विग लावला होता, आणि काढलेल्या स्तनाच्या जागी पॅड. तिथं प्रत्येक बाई प्रत्येकीला कवटाळते. मी सबंध संध्याकाळ तिच्या डाव्या बाजूला चिकटून होते. एका जावेनं टोमणा मारला, "ही इंडियन तुझी बॉडीगार्ड का?" "बॉडीगार्ड नाही, माझी सासू," समीरा म्हणाली. सगळ्या हसल्या. तेवढ्यात विहीणबाईंनी तिला नाचायला ओढलं. दुसऱ्या गिरकीला विग कपाळावर सरकला... समीरानं नाचाचाच भाग असल्यासारखा एक हात डोक्यावर नेऊन तो दाबून धरला आणि नाचत राहिली.

शेवटच्या आठवड्यांत कावीळ झाल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की तिच्या जनुकांमधला दोष मुलींमध्ये उतरला असू शकतो, दोघींची रक्ततपासणी करून घ्या. मला जवळ बोलावून ती म्हणाली, "तू ने त्यांना. कुणाला कळू देऊ नकोस. पण ने." मी हो म्हणाले.

गेल्या आठवड्यात हालाशी तपासणीबद्दल बोलले. "आफ्टर द वेडिंग, खालतो," ती म्हणाली. "पॉझिटिव्ह आलं तर करीमला काय सांगू? त्याची आई लग्न होऊ देईल?"

"आणि तपासलंच नाही तर?"

मग म्हणाली, "मी रोज आंघोळीच्या वेळी हातानं बघते. काही लागत नाही."

"मग घाबरतेस कशाला?"

"मम्मालासुद्धा आधी काही लागत नव्हतं."

रीम ताईच्या आधी जायला तयार नाही. मी दोघींसाठी सोमवारी सकाळची वेळ घेतली होती. ती हालानं फोन करून कॅन्सल केली. नवी वेळ घ्यायची राहिली आहे.