कम्फर्टचा कागद आणि लाल धागा

आशाबाईंचा विश्वास पानिपतातच गेला, असं गावात म्हणत. आरमोरीजवळच्या त्या धानाच्या गावात आशाबाई दूधवाल्याच्या मापात बोट बुडवून पाहत, कंडक्टरनं दिलेलं तिकीट शेजारच्या प्रवाशाकडून वाचून घेत आणि देवळातला प्रसादही आधी हुंगत. लोक हसायचे. त्या म्हणायच्या, "हसाले काय जाते? फसल्यावर कोणी संगं येत नाई."

गादी पिंजायला देण्याचीही त्यांची एक रीत होती. बाकीच्या बाया पिंजाऱ्यासमोर ठाण मांडून बसत आणि आपला कापूस डोळ्यांदेखत पिंजून घेत. आशाबाईंना उडत्या कापसानं खोकला येई. म्हणून त्या घरीच गादीचा कोपरा उसवून आत लाल धागा दडवत, गादी आरमोरीच्या जलालुद्दीन पिंजाऱ्याकडे टाकत आणि बाजाराला जात. घरी आल्यावर पुन्हा कोपरा उसवायचा. धागा सापडला तर कापूस आपलाच, नाहीतर बदलला. तीस वर्षं धागा न चुकता सापडत होता, तरी दर खेपेला त्या नवा घालतच. संशयाला कधी सुट्टी नसते.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या नवऱ्याला, नानाजींना, मोठ्या दवाखान्यातून घरी आणलं. पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "बरं करणं आता आमच्या हातात नाही. दुखणं थांबवणं आहे. या गोळ्या वेळेवर द्या." कागदावर इंग्रजीत दोन शब्द होते. मुलानं, हेमराजनं, वाचून दाखवले. कम्फर्ट केअर.

आशाबाईंच्या डोक्यात तिथंच किडा शिरला. मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, कम्फर्ट म्हणजे आराम. आराम पाडायचा, म्हणजे बरं करायचं होतं, तर घरी काऊन धाडलं? हेमराज म्हणाला, आई, हा शब्द चपलेच्या डब्यावरही असतो, ट्रॅव्हल्सच्या काचेवरही असतो. मग तर त्यांना जास्तच शंका आली. चपलेला लावायचा शब्द आजारी माणसाला कशाला? त्यात शेजारच्या सुकलूनं कानाशी लागून सांगितलं, की असल्या गोळ्या देऊन माणसाला कायमचं झोपवतात.

आशाबाईंनी गोळ्यांचं पाकीट चुलीमागच्या फडताळात दडवलं. नानाजींना त्या तापाची साधी गोळी द्यायच्या आणि तीच दवाखान्याची म्हणून सांगायच्या. पंधरा दिवस नानाजी पोट धरून कुशीवर पडून राहायचे. त्यांचं कण्हणं ऐकून आशाबाईंच्या काळजाचं पाणी व्हायचं. गोळी खरी असेल तर आपण त्यांचे हाल करतोय, आणि सुकलू खरा असेल तर आपल्याच हातानं त्यांना मारू. दोन्हीकडून जीव टांगणीला.

नानाजींनी मागितलं एवढंच, "गादीतल्या गाठी टोचून राह्यल्या." रविवारी हेमराजच्या गाडीमागे गादी बांधून आशाबाई आरमोरीला गेल्या. धागा अर्थातच घातला होता.

दुकानात जलालुद्दीनची सून निशात होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. आशाबाईंनी कमरेच्या पिशवीतून कागद काढला. "वाच बरं. अन् खरं सांग, काई लपवू नोको."

निशातनं वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, आता याचा अर्थ आराम, धीर, असाच होते. पण शब्द जुना आहे, लॅटिनमधला. त्यात फोर्टिस म्हणून शब्द आहे, म्हणजे बळकट. फोर्ट म्हणतो ना आपण किल्ल्याले, तो त्यातलाच. आधी कम्फर्ट म्हणजे कोणाले बळ देणं, त्याच्या पाठीशी उभं राहणं. गादी, खुर्चीचा मऊपणा त्यात लय मागून आला."

"किल्ला अन् कापूस एका शब्दात कसा राहीन?" आशाबाई म्हणाल्या. "पुस्तकात काईही लिहिते लोक."

निशातनं कागद घडी करून परत दिला. तेवढ्यात जलालुद्दीन आतून आला आणि गादीवर हात फिरवू लागला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"आशाबाई," तो म्हणाला, "यंदा तो लाल धागा तुमीच काढून ठेवा. मले दिसत नाई आता. मशीनीत गेला तं त्याच्या चिंध्या होईन."

आशाबाईंना क्षणभर कळेना. मग कळलं. पिंजताना धागा अखंड राहतोच कसा, हे तीस वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. हा माणूस दर खेपेला धागा शोधून बाजूला काढायचा आणि काम झाल्यावर त्याच कोपऱ्यात परत ठेवायचा.

"भाऊ, तुमाले माहीत होतं तं बोलले काऊन नाई?"

"काय बोलाचं? धागा सापडला की तुमाले बरं वाटे." जलालुद्दीन खोळ उसवायला बसला. "कापूस तं तुमचाच होता."

आशाबाईंना लाज वाटली.  घरी आल्यावर त्यांनी फुललेली गादी अंथरली, कोपरा उसवला नाही, आणि फडताळातलं पाकीट काढलं. त्यातली एक गोळी नानाजींच्या हातावर ठेवली. नानाजींनी ती मुकाट्यानं घेतली. आशाबाई उशाशी बसून त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहत राहिल्या. विश्वास ठेवायचा ठरवला, म्हणून धास्ती थोडीच जाते.

दिवेलागणीला नानाजींनी डोळे उघडले. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. ते म्हणाले, "पेज दे थोडी."

आशाबाईंना रडू आवरेना. "पंधरा दिवस मीच गोळी लपवून ठेवली होती."

"मले माहीत होतं. फडताळ माह्या समोरच आहे."

"मंग मागतली काऊन नाई?"

नानाजींनी त्यांचा हात आपल्या छातीवरच धरून ठेवला. "तुले भेव वाटून राह्यलं होतं. अन् घरात शक घेणारं एक पुरे होते. मी बी घेतला असता, तं आपला संसार चालला असता काय?"