पश्चिमेकडची भिंत

घराचा ताबा मिळायच्या आदल्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, रविवारी येऊन घर एकदा बघून घ्या. काही बारीकसारीक राहिलं असेल तर यादीत लिहू, तुमची सही घेऊ, की किल्ली तुमच्या हातात."

नगरमध्ये, केडगावच्या पुढे, हायवेपासून थोडं आत आठ रो-हाउसची एक ओळ आहे. त्यातलं शेवटचं आमचं. माझा नवरा फौजेत आहे, तेव्हा आसामला होता. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आठवड्याची एक सुट्टी, ती धुण्याभांड्यात जायची. त्यामुळे घर उभं राहताना आम्ही दोनदाच बघितलं होतं, तेही रस्त्यावरून. नवऱ्याने दसरा धरून पंधरा दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. आमच्याकडे वास्तुशांत नसते. भन्तेजींना बोलवायचं, वंदना घ्यायची, खीर करून चार माणसं जेवू घालायची, एवढंच. पण ते दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशीच व्हावं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

रविवारी मी एकटीच निघाले होते. चपला घालत असताना सासूबाई म्हणाल्या, "मी बी येते."

त्या खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरच्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा चार वर्षांचा होता. त्याला घेऊन त्या नगरला आल्या आणि बांधकामावर बिगारी म्हणून लागल्या. वाळू चाळणं, सिमेंटचा माल कालवणं, घमेली वर चढवणं, नवीन भिंतींवर पाणी मारणं, हे त्यांनी जवळजवळ तीस वर्षं केलं. दोन-तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने हट्टाने त्यांचं काम बंद केलं. आता शहरातून जाताना त्या कधीकधी एखाद्या इमारतीकडे बघून नुसतं "ही आमची" म्हणतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी त्यांना रिक्षात बसल्यावर काय म्हटलं, ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हटलं, "आई, तिथं इंजिनियर वगैरे शिकलेली माणसं असतात. तुम्ही नुसतं बघा. बोलायचं ते मी बोलते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघायला लागल्या.

साइटवर एक इंजिनियर मुलगी आमची वाट बघत होती. पंचविशीची असेल. पायात बूट, हातात पॅड, त्याला छापील यादी लावलेली. तिने आम्हाला खोल्या-खोल्या दाखवल्या. दारं उघडून-मिटून दाखवली, नळ सोडले, दिवे लावले, आणि प्रत्येक गोष्टीपुढे टिकमार्क केला. मी मान डोलवत मागून चालत होते. मला काय कळणार होतं? रंगाचा वास येत होता, फरशी चकाकत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं ज्वारीचं रान दिसत होतं. मी तर फ्रीज कुठे ठेवायचा ते मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

आई माझ्या मागे. त्यांनी दारातच चपला काढल्या होत्या आणि त्या अनवाणी सगळ्या फरशीवरून सावकाश फिरत होत्या. बाथरूममध्ये त्यांनी तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओतलं आणि ते जाळीकडे वाहून जाईपर्यंत बघत उभ्या राहिल्या. गळती तपासायला गच्चीवर आदल्या दिवशीपासून पाणी कोंडून ठेवलेलं होतं. आईंनी खाली येऊन चारी कोपऱ्यांत छताखालच्या भिंतींना हात लावून बघितला. हात कोरडा. त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं, पण बोलल्या काहीच नाहीत. मी सांगितलं होतं ना.

शेवटी आम्ही घराला बाहेरून फेरी मारली. पश्चिमेच्या बाजूला, जिथे पुढे रिकामा प्लॉट आहे, तिथे आई थांबल्या. भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक केली. दोन पावलं पुढे जाऊन परत केली. मग खाली बसल्या. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाच्या मागे हातभर जागा रंगायची राहून गेली होती. आईंनी पदराची पिन काढली आणि तिथे ओढली. वाळू भुरभुर खाली आली. परत ओढली, परत आली. जमिनीवर पिठासारखी छोटी रास झाली.

आईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बोलू का?" त्यांनी विचारलं.

माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही. मी म्हटलं, "बोला ना आई."

"बाई," त्या इंजिनियर मुलीला म्हणाल्या, "ह्या भिंतीचं प्लास्टर उन्हाळ्यात केलंय का?"

मुलीने पॅडवरून नजर उचलली. "हो आजी. मे महिन्यात. का?"

"पानी मारलं न्हाई हिला, कच्ची राहिलीया. बाकी तिन्ही भिंती चांगल्या हायत. हिला दुपारपून ऊन लागतं, हिला दिसातून तीनदा पानी लागत हुतं. एकदा तरी मारलं का न्हाई कुनाला ठावं."

"त्या वेळी टँकरच्या पाण्यावर काम चालू होतं," मुलगी म्हणाली. मग जरा सावरून, "पण आजी, वरून रंगाचे दोन हात झालेत. आता काही दिसणार नाही."

"दिसायचं न्हाई गं. पन दोन पावसाळ्यांत पोपडं धरंल. खाली लेकरं खेळत्यात."

मला वाटलं, मुलगी आता चिडणार. तसं झालं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुतेक आईंचा हात धरून त्यांना गेटकडे नेलं असतं. पण ती पॅड काखेत धरून भिंतीजवळ आली. खिशातून स्कूटीची किल्ली काढली आणि रंग दिलेल्या भागावर, छातीच्या उंचीला, जोर देऊन ओढली. रंग निघाला आणि आतून वाळू गळाली. तिने आणखी तीन ठिकाणी ओढून बघितलं. मग शेजारच्या भिंतीवर जाऊन तसंच केलं. तिथे नुसता पांढरा ओरखडा उठला.

तिने किल्ली खिशात टाकली. नंतर माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, आज सही करू नका."

ती पगारदार माणूस होती. तिला माझी सही घेऊन मोकळं होता आलं असतं. उलट तिने माझ्यासमोरच बिल्डरला फोन लावला. तासाभरात तो आला. आधी हसून बोलला, मग आवाज चढला. "एवढ्याशा वाळूसाठी? अहो, कोणाच्या घराला वाळू निघत नाही?" आईंकडे बोट करून म्हणाला, "ह्या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, "सर, ह्यांनी तीस वर्षं साइटवर काम केलंय. आणि त्या म्हणतात ते बरोबर आहे. मी तपासलंय. पूर्ण भिंत काढावी लागेल."

आईंनी तीस वर्षांचं तिला कधी सांगितलं, मला कळलं नव्हतं. बिल्डरची वाट बघताना मी आत जाऊन फोटो काढत होते आणि दोघी बाहेर काहीतरी बोलत होत्या, तेव्हाच असणार.

बिल्डर भिंतीजवळ गेला. स्वतः नखाने खरवडून बघितलं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. काढा. पण महिना जाईल, मग मला दसऱ्याचं विचारू नका."

त्या संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तो वैतागला. "अगं, रजा पुन्हा मिळायची नाही! एका भिंतीसाठी? नंतर केलं असतं की." मी म्हटलं, "आईंशी बोला," आणि फोन त्यांच्याकडे दिला. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाल्या, "तू ये तर खरं. पानी मारायला मानूस लागंल." मग त्याच्या हसण्याचा आवाज मला इकडे ऐकू आला.

तो आला तेव्हा जुनं प्लास्टर काढून नवीन नुकतंच झालं होतं. दसऱ्याच्या दिवशी आम्ही भाड्याच्या खोलीतच वंदना घेतली, खीर केली, आणि दुपारी तिघंही साइटवर गेलो. बिल्डरने माणूस ठेवलेला होता. नवऱ्याने त्याच्या हातातून पाइप घेतला. "तुम्ही बसा दादा, आज मी मारतो." आई सावलीला विटांवर बसल्या आणि तिथून सांगत राहिल्या. "वरून सोड. वरून! खालून मारलं की वरचं कोरडं राहतं. आं, आता कसं. कोपरा राहिला बघ."

पुढचे दहा दिवस तो सकाळ-दुपार-संध्याकाळ जात राहिला. रजेवर आलेला माणूस, मित्रांकडे नाही, सिनेमाला नाही. एकदा मी डबा घेऊन गेले तर तो भिजलेल्या कपड्यांनी उभा होता. मला म्हणाला, "आई हे रोज करायची गं. मी शाळेतून आलो की कुठल्यातरी भिंतीखाली माझा डबा असायचा आणि ही वर, पाइप घेऊन. मला वाटायचं, हे सोपं काम आहे." मी डबा उघडून दिला.

रजा संपली आणि तो परत गेला. ताबा आम्हाला दिवाळीनंतरच्या रविवारी मिळाला. इंजिनियर मुलीने पुन्हा तीच यादी आणली, पण या वेळी पॅड आईंच्या पुढे धरलं. आईंनी भिंतीवर टकटक केली, पिन ओढली. काही निघालं नाही. मग मला म्हणाल्या, "आता कर सही."

मी म्हटलं, "तुम्ही करा."

त्यांना सही येते. नवऱ्याने फौजेतून पहिल्या सुट्टीवर आल्यावर शिकवलेली. वेळ लागला, पण त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. खाली मी माझी केली. नवरा व्हिडिओ कॉलवर होता, पण तिकडे रेंज नीट नव्हती. त्याचं चित्र थांबून थांबून येत होतं. एवढं मात्र दिसलं की तो टोपी काढून बसला आहे.

त्याच दुपारी भन्तेजी आले, वंदना झाली. इंजिनियर मुलगीही जेवायला आली होती. खीर दोनदा घेतली.

मी तिची ऋणी आहे, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं. आईंना मात्र सांगायला मला बरेच दिवस लागले. एका दुपारी त्या भाजी निवडत होत्या तेव्हा मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी रिक्षात मी तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं. माझं चुकलं."

"कवा?" त्या म्हणाल्या. मला माहीत आहे, त्यांना चांगलं आठवत होतं. मेथीची जुडी अर्धी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "घे, हात चालव. रातीला भाकरीसंगं करू."

गेल्या महिन्यात त्या मुलीचा फोन आला. दुसऱ्या जागेवर सहा घरं तयार झालीत, लोकांना दाखवायच्या आधी आजी एकदा बघून जातील का? आईंनी इस्त्रीचं लुगडं काढलं. मुलगी स्वतः गाडी घेऊन आली. चार तासांनी त्या परतल्या, तेव्हा पायांना सिमेंटची धूळ होती.

"कशी आहेत घरं?" मी विचारलं.

"बरी हायत. एका जिन्याची पायरी उंच झालीय, म्हाताऱ्या मानसाला लागंल. ती काढते म्हनली पोरगी." पाय धुता धुता त्या पुढे म्हणाल्या, "मला खुर्ची दिली हुती बसायला. पन बसून कसं कळनार?"