विंझरच्या पंपघरातून आलेलं उत्तर

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, नजर... यातलं मला काही पटत नाही. मला संशय येतो तो माणसांचा. काही बिघडलं की मी आधी माणूस शोधतो, आणि बहुतेक वेळा तो सापडतोही.

मी भोरमध्ये एका कंत्राटदाराकडे कामाला आहे. वेल्ह्याकडच्या काही गावांचे पाण्याचे पंप आम्ही ऑफिसमधूनच चालू करतो. काळ्या स्क्रीनवर मी कमांड टाइप करतो, ती गावातल्या पंपघरातल्या सर्व्हरला जाते आणि त्याचं उत्तर परत येतं. प्रोग्रॅम मीच लिहिलाय. उत्तरं तीनच, तीही इंग्रजीत – सुरू झाला, आधीच सुरू आहे, बिघाड आहे. चौथं काही आलं तर ते न दाखवता टाकून द्यायचं, हेही मीच लिहिलंय.

विंझरचे वॉलमन, म्हणजे गावाला पाणी सोडणारे, दगडूतात्या, साठीला आलेले. मशीन बसली तेव्हाच म्हणाले होते, "आता मान्साचं काम संपलं म्हनायचं." तेव्हापासून माझा त्यांच्यावर संशय होता. दोनदा त्यांनी मेन स्विच बंद केला, सर्व्हर बंद पडला. मी चांगलंच झापलं – "तात्या, परत स्विचला हात लावलात तर घरी बसावं लागेल." मग पद्धत ठरली. त्यांचा एक मिस कॉल म्हणजे पंप चालू करा, दोन म्हणजे थांबा.

त्या दिवशी सकाळी अकराला एक मिस कॉल आला. पाच मिनिटं वाट बघितली, दुसरा नाही. कमांड दिली. उत्तर आलं –

हात आत हाय

चक्क मराठीत! परत कमांड दिली. तेच. तिसऱ्यांदा दिली... तेच. पंप सुरू झालाच नाही. फोन लावला तर तात्या उचलेनात. झालं, माझी खात्रीच पटली. कुणाला तरी हाताशी धरून म्हातारा मशीन बदनाम करतोय. स्क्रीनचा फोटो काढला, गाडी काढली आणि नसरापूरवरून तासाभरात विंझर गाठलं.

तात्या नदीकाठच्या विहिरीपाशी बसले होते, हाताला ओलं फडकं गुंडाळून.

"तुमी कशापायी आलात एवढ्या लांब? दोन मिस कॉल दिलं व्हतं की म्या."

"एकच आला."

"रेंज गेली आसंल. फुटव्हॉलमदी गाळ बसला व्हता. विहिरीत उतरून, जाळी काढून आत हात घातला तर आडकला. अर्धा तास निघंना बगा."

"कधी?"

"अकराच्या सुमाराला."

"मग मेन स्विच का नाही बंद केला?"

"तुमीच न्हाई म्हनला व्हता न्हवं."

मी तिथंच खाली बसलो. फुटव्हॉल म्हणजे पंपाचं पाणी ओढणारं तोंड. पंप चालू झाला असता तर... आणि मी तीन वेळा कमांड दिली होती.

नंतर सगळं तपासलं. सर्व्हरच्या नोंदीत माझ्या तिन्ही कमांड आहेत, पाठवलेलं उत्तर एकही नाही. बाहेरचं कुणी सर्व्हरमध्ये शिरलेलं नाही. पंपघराला कुलूप होतं, किल्ली तात्यांच्या कमरेला. माझा एक मित्र म्हणतो, भास झाला असेल. फोटो दाखवला की मोठा करून बघत राहतो. उत्तर कुणी दिलं, मला आजही माहीत नाही.

आता मेन स्विच बंद केल्याशिवाय कुणी विहिरीत उतरत नाही. तात्या गावभर सांगतात, "भोरचं सायेब माज्या काळजीनं धावत आलं." मी खरा कशासाठी आलो होतो, ते सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.