बांबूच्या बनातला जोड

कोरी भिंत दिसली की माझ्या बायकोच्या मामांच्या घशाखाली घास उतरत नाही. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये त्यांनी वॉलपेपरचे जे प्रयोग केले, तसे कुणी वैऱ्याच्या घरातही करू नयेत. दुकानातले उरलेसुरले तुकडे आणायचे, मामींच्या डब्यातला मैदा ढापून खळ शिजवायची आणि स्टुलावर चढायचं. भिंतीवर बांबूचं बन, भिंतीलगतच्या कपाटावर त्याच बनाचा पुढचा भाग, छताला निळं आकाश. पंखा लावला की ढग हलतात, असा त्यांचा दावा होता. स्विचबोर्डही बनात गडप झाल्यामुळे दिवा लावायला आधी भिंत चाचपावी लागे. "तेवढीच वीज वाचते," मामा म्हणत.

पण त्यांचा खरा जीव जोडात. दोन पट्ट्यांमधली रेघ दिसता कामा नये, इकडचं पान तिकडे बरोबर पुरं झालं पाहिजे. काम झालं की ते मामींना हाक मारत. मामी हात पुसत येत, चष्मा लावत आणि म्हणत, "दिसतो हो जोड." लगेच मामा पट्टा उतरवायला घेत. मामींनी एकदा तरी "नाही दिसत" म्हणावं, एवढीच त्या माणसाची महत्त्वाकांक्षा होती.

एकदा जेवून मी तिथे आडवा झालो. उठून बघतो तर दारच नाही! मामांनी दाराच्या आतल्या अंगालाही कडीसकट बांबू चिकटवले होते. मी ओरडलो, "मामा, बाहेर कसं यायचं?"

"सापडत नाही ना, जावईबापू?" पलीकडून आनंदाने कापणारा आवाज आला. "अगं, ऐकलंस का? त्यांना दारसुद्धा सापडत नाहीये!"

"त्यांना काय विचारता? मला विचारा," मामी म्हणाल्या. "मघाशीच बघितलाय मी, वरच्या कोपऱ्यात चांगला बोटभर दिसतो जोड."

मग इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. सभेत सगळे कार्पेट एरियावरून भांडत होते. मामांनी उठून एवढंच विचारलं, नव्या भिंती सरळ असतील ना? सामान हलवायच्या दिवशी कपाट निघालं आणि त्यामागची कोरी भिंत उघडी पडली. टेम्पो खाली खोळंबलेला, आणि मामा खळ शिजवत होते.

"अहो, पाडणार आहेत ना ती भिंत?"

"म्हणून काय उघडी ठेवायची?"

पाडकाम सुरू झालं तेव्हा आम्ही तिघं समोरच्या फुटपाथवर उभे होतो. पुढची भिंत कोसळली आणि भर दुपारी बेडरूम रस्त्याला दिसू लागली. एवढ्या धुळीतही बन हिरवंगार होतं, एकही पट्टा सुटला नव्हता. रिक्षावाले माना वर करून बघत होते. मामा मात्र खाली मान घालून चपलेवरची धूळ झटकत होते, आणि मला ते बघवेना.

मामींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ वर पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "नाही दिसत हो जोड."

मामांनी त्यांचा हात धरला.

"आहे गं," ते हळूच म्हणाले. "कपाटाच्या जागी आहे थोडा."