एकाच टोकाला आलेलं शिखर

माझी पीएचडी केसाहून कितीतरी पट बारीक अशा एका तारेत अडकली, ती अडकलीच. सेमीकंडक्टरची तार, तिच्यावर अतिवाहक धातूचा थर, आणि हे सगळं भयंकर थंडीत ठेवून दोन्ही टोकांनी वीज किती सहज आत शिरते ते मोजायचं. आम्ही शोधत होतो ती दुर्मिळ अवस्था तारेत खरंच असेल, तर आलेखात मधोमध एक शिखर उभं राहतं, आणि ते दोन्ही टोकांना दिसावं लागतं. माझ्या तारेत ते एकाच टोकाला आलं.

कारण सरळ होतं. तारच अशुद्ध होती. कुठे चुकीच्या जागी बसलेले अणू, कुठे साचलेला विद्युतभार. इलेक्ट्रॉन वाटेतच रुतून बसतात आणि हुबेहूब तसंच शिखर काढून दाखवतात.

माझे गाईड असलेले सर म्हणाले, "दुसऱ्या टोकाचा जोड बिघडला असेल. तो आलेख शोधनिबंधात देऊ नकोस."

जोड मी तपासला होता, ठणठणीत होता. तसं सांगितल्यावर ते हसून म्हणाले, "मग तुझं नाव शोधनिबंधावर कशाला?" सहलेखकांच्या संमतिपत्रावर माझी सही अजून बाकी होती.

कळंबला घरी आले तेव्हा मासे विकायला निघालेली आई पाटी भरत होती. कालची पापलेटं खाली, आजची वर. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वरचं चकचकीत ठेवायचं. खाली कोन बगतं? सही करून टाक." मी केली नाही. निबंध छापून आला, सरांचे सत्कार झाले. मी माणिकपूरच्या क्लासमध्ये बारावीला फिजिक्स शिकवते.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला. इतरांनी अशाच तारा दोन्ही टोकांनी मोजल्या होत्या आणि शिखराचं पितळ उघडं पडलं होतं. सरांना आता तारेतल्या अशुद्धीवरच निबंध लिहायचा होता.

"तुझी ती दुसऱ्या टोकाची मापनं पाठव ना."

"माझं नाव?"

"आभारात घालू की."

आई बाजूलाच बसून ऐकत होती. म्हणाली, "देऊन टाक. आता खालचा माल पन खपतोय."

मला तिचा भयंकर राग आला. ती खरं बोलत होती, याचा त्याहून जास्त.