सोफीमावशींना भांडायला माणूस हवा

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. मिशिगनच्या हिवाळ्यात बुटांबरोबर बर्फाचा चिखल गाडीत येतो, तसे ते आपोआप येतात. मार्चमध्ये मॅट झटकायला घ्यावी आणि म्हणावं, अरे, एवढं कधी साठलं!

माझ्याकडचे या हिवाळ्यातले बहुतेक किस्से गुरुवारचे आहेत, आणि त्याला कारण आमची शेजारीण शर्ली. शर्ली मूळची पनवेलची. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. तिची आई सोफीमावशी. पनवेलच्या प्राथमिक शाळेत तीस-बत्तीस वर्षं मास्तरीण होत्या. मावशींचे यजमान गेल्यावर शर्लीनं त्यांना इथे, मिशिगनमधल्या ट्रॉयला आणलं. इथल्या सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दर गुरुवारी सकाळी मोठ्या माणसांचा धर्मग्रंथांवरचा अभ्यासवर्ग भरतो. शर्लीला ऑफिस, आणि माझं गुरुवारी वर्क फ्रॉम होम.

"विनूदादा, आईला फक्त सोडायचं आणि आणायचं रे!"

पहिल्या गुरुवारी मावशींना आत सोडलं आणि मी पार्किंगमध्ये गाडीतच लॅपटॉप उघडून बसलो. पाच मिनिटांत काचेवर टकटक. बाहेर रब्बी डेबरा, म्हणजे तिथल्या धर्मगुरू. चाळिशीच्या, पायात स्नोबूट, डोक्यावर बर्फ.

"तुम्ही बाहेर का बसलात?"

"मी ज्यू नाही," मी म्हणालो.

"कॉफी तर पिता ना?"

तेव्हापासून मी आत बसतो. लायब्ररीच्या कोपऱ्यात माझं ऑफिस, आणि मध्ये त्यांचा वर्ग. ऑफिसचं काम किती होतं ते विचारू नका.

* * *

पहिल्या दिवशी सगळे मावशींभोवती जमले. साडी, त्यावर जाड कोट, आणि तोंडी हिब्रू प्रार्थना! इथल्या मंडळींनी असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"तुमच्या घराण्यानं धर्म कधी बदलला?" एकीनं अगदी हळुवारपणे विचारलं.

"बदलला नाही हो," मावशी त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्या पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटलं. पोहत पोहत वर आले. बदलले ते फक्त ओले कपडे!"

सगळे थक्क. मग सॉल नावाचे एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ माझ्याकडे वळले.

"आणि तुम्ही? तुमचे लोकही त्याच जहाजावर होते?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही किनाऱ्यावर होतो."

* * *

आता या वर्गाची पद्धत सांगायला हवी. इथे शिक्षक बोलतोय आणि बाकीचे ऐकताहेत, असं नसतं. दोघादोघांच्या जोड्या पाडतात. दोघांत एक पुस्तक. एकानं मोठ्यानं वाचायचं, अर्थ सांगायचा, आणि दुसऱ्यानं त्यावर भांडायचं. हो, भांडायचंच! जोडीदारानं मान डोलावली तर अभ्यास झालाच नाही असं मानतात. या जोडीला ते हव्रुता म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, लायब्ररीत मारामारी सुरू झाली.

मावशींना हे फार आवडलं. "विनायक, जन्मभर पोरांना गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले. आता बोला म्हणणारी शाळा मिळाली बघ!"

जोडीदार मिळाले सॉल. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. वर्गातले सगळ्यात भांडखोर म्हणून प्रसिद्ध. त्यांचा आधीचा जोडीदार फ्लोरिडाला राहायला गेला. लोक म्हणतात ऊन खायला गेला, सॉल म्हणतात हार मानून गेला.

पहिला वर्ग संपला. मावशी गाडीत बसल्या आणि सीटबेल्ट खाडकन लावला.

"काय झालं मावशी? फार भांडले का?"

"भांडतोय कसला! मी काही म्हटलं की म्हणतो, ब्युटिफुल, सोफी. शेवटी मी मुद्दाम चुकीचं बोलले. धडधडीत चुकीचं! तरी आपलं ब्युटिफुल!"

सिग्नल लागला. मावशी समोर बघत म्हणाल्या, "शाळेत तपासणीला साहेब आले की पोरं कशी वागतात, तसे वागतात रे सगळे माझ्याशी. पाहुणी करून ठेवलंय मला."

* * *

पाहुणी होण्याची त्यांना दोन्हीकडून सवय करून घ्यावी लागत होती. रविवारी आमची मराठी शाळा भरते, तिथे मावशी लहान मुलांना बाराखडी शिकवायला येऊ लागल्या. पहिल्याच रविवारी एक आई कौतुकानं जवळ आली.

"मावशी, मराठी काय सुंदर बोलता हो! म्हणजे तुम्ही ज्यू ना? ॲक्चुअली मला इतकं सरप्राइझ झालं! कुठे शिकलात?"

"तुम्ही शिकलात तिथेच. आईकडून," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कुठे विसरलात?"

* * *

डिसेंबरात मावशींनी वर्गाला मलिदा खाऊ घालायचं ठरवलं. बेने इस्राएल लोकांत काही चांगलं घडलं, की आभार मानायला मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर सुकामेवा आणि बाजूला फळं. ताटाभोवती बसून प्रार्थना म्हणायची आणि मग खायचं. बाहेर शिजवलेलं सिनॅगॉगमध्ये चालत नाही, म्हणून मावशींनी तिथल्याच स्वयंपाकघरात सकाळपासून खपून तो केला. आम्हा दोघांचे हात गुळानं चिकट झाले होते. मी मदतीला होतो, म्हणजे मी फक्त नारळ फोडले. तेसुद्धा पार्किंगमध्ये, फुटपाथच्या कडेवर. एक पोलीस गाडी थोडी हळू झाली आणि पुढे गेली.

प्रार्थना झाली. मावशींनी सगळ्यांना वाट्या भरून दिल्या. सॉलनी वाटीत निरखून पाहिलं. पोहे, खोबरं, बदाम, मनुका. त्यांचा चेहरा उजळला. ते उठले, फ्रिजपाशी गेले, दुधाचा कॅन आणला आणि मलिद्यावर दूध ओतलं!

झालं! त्यांच्यामागे रांग लागली. सगळ्यांना वाटलं, भारतातलं ब्रेकफास्टचं सीरियल आहे, असंच दुधात खात असणार. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे कॅन घेतला आणि स्वतःच्या वाटीतही दूध ओतलं.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" मी मराठीत कुजबुजलो.

"गप रे. पाहुण्यांनी घेतलं, मग आपण एकटं वेगळं कसं खायचं?"

"पण इथे पाहुणे कोण? ते की तुम्ही?"

मावशींनी चमचा वाटीत ठेवला. "तोच तर सगळा घोळ आहे," म्हणाल्या.

* * *

जानेवारीत रब्बींनी एक विषय काढला. आपण किती माणसांना माणूस म्हणून बघतो, आणि किती जणांना नुसतं कामाची वस्तू म्हणून वापरतो? सगळ्यांना गृहपाठ दिला: ज्याला आपण वस्तूसारखं वापरतो, अशा एका तरी माणसाशी या आठवड्यात खरं बोलायचं.

पुढच्या गुरुवारी सॉलनी अहवाल दिला. त्यांनी इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. तक्रार सुटली. पलीकडच्या मुलानं विचारलं, "सर, आणखी काही मदत करू?"

"नाही," सॉल म्हणाले. "तू कसा आहेस?"

तो मुलगा म्हणाला, "सर, मी तुम्हाला दोन मिनिटं होल्डवर ठेवतो. सुपरवायझरला विचारून सांगतो."

सगळा वर्ग हसून हसून बेजार. मग रब्बींनी मावशींना विचारलं. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी ह्याला गाडी समजत होते!"

परतताना त्यांनी गृहपाठ मनावर घेतला. "विनायक, तुझं खरंच कसं चाललंय? झोप लागते का? बायको बोलते का नीट? आणि तुला करायचं काय होतं रे आयुष्यात?" एवढं मला गेल्या दहा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटलो. हायवेवरची आमची एक्झिट गेली, पुढची गेली, आणि आम्ही पार डेट्रॉइटजवळ पोहोचलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तू परत गाडीच हो हं."

* * *

मावशींची नात माया बारा वर्षांची. तिच्या शाळेत हेरिटेज डे होता. प्रत्येक संस्कृतीचं एक टेबल. शिक्षिकेनं प्रेमानं विचारलं, "माया, तू इंडियन टेबलवर बसणार की ज्यूइश?"

मायानं मान वर न करता उत्तर दिलं, "मी आजीच्या टेबलवर."

तसं टेबलच नव्हतं. मग शाळेनं एक आणून मांडलं. दोन्ही टेबलांच्या बरोबर मध्ये मावशी बसल्या, आणि सगळ्यात जास्त गर्दी त्यांच्याकडे. कारण काय, तर मायानं पाटी लिहिली होती: आस्क माय ग्रँडमा एनीथिंग. एका लहान मुलानं विचारलं, "तुम्हाला सात गुणिले आठ येतं का?"

"मला येतं," मावशी म्हणाल्या. "तुला?"

पोरगा पळाला. मावशी दिवसभर खूश! संध्याकाळी शर्लीला म्हणाल्या, "वर्गातसुद्धा असा एक जण हवा होता बघ. अडवून विचारणारा."

* * *

फेब्रुवारीत मावशींचा धीर सुटला. त्या रब्बींच्या ऑफिसात गेल्या. मी त्यांचा कोट धरून दारात.

"मला जोडीदार बदलून द्या," मावशी म्हणाल्या.

रब्बींनी कपाळाला हात लावला. "सॉल भांडले ना? मला ठाऊक होतं! आजवर सगळ्यांची हीच तक्रार असते."

"भांडत नाहीत! हीच माझी तक्रार आहे!"

रब्बींनी कपाळावरचा हात काढला. मग कबूल केलं. "चूक माझी आहे, सोफी. मीच सॉलना बजावलं होतं, त्या एवढ्या लांबून आल्यात, नवीन आहेत, सांभाळून घ्या. मी आजच सांगते त्यांना, मोकळेपणी भांडा म्हणून."

"अजिबात सांगू नका!" मावशी म्हणाल्या. "सांगून भांडलेलं काय कामाचं?"

गाडीत बसल्यावर त्यांनी मला निर्णय ऐकवला. "पासओव्हरच्या सणापर्यंत बघते. तोवर जमलं नाही तर वर्ग बंद. पुस्तक काय, घरी बसूनही वाचता येतं. एकटीनं."

हे 'एकटीनं' त्यांनी इतकं हळू म्हटलं, की मी विनाकारण वायपर चालू केले.

त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी शर्ली मला टेक्स्ट करायची. एकच शब्द: भांडले? आणि मी उत्तर द्यायचो: ब्युटिफुल.

* * *

सण आठवड्यावर आला होता. बाहेर मार्चमधला बर्फ, ना धड पडत होता ना धड थांबत होता. त्या दिवशीचा प्रश्न शिकवण्यावरचा होता: एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा सांगूनही समजलं नाही, तर गुरूनं किती वेळा समजवावं?

मी कोपऱ्यात मीटिंगमध्ये होतो, म्यूटवर. मावशींचा आवाज ऐकू आला.

"चारदा सांगावं. पाचव्यांदा त्याला खेळायला पाठवावं."

मी सॉलच्या 'ब्युटिफुल'ची वाट पाहत होतो. ते आलं नाही.

"खेळायला?" सॉल म्हणाले.

"हो. मूल दमलेलं असतं. गुरूसुद्धा."

"नो." सॉलनी पुस्तक मिटलं. "नो, सोफी. सॉरी, पण हे साफ चूक आहे! मुलाला समजेपर्यंत सांगायचं! शंभर वेळा! त्याला बाहेर पाठवलं म्हणजे तुम्ही त्याला सोडून दिलं!"

"सोडून दिलं? मी?" मावशी उभ्या राहिल्या. "तुमच्या वर्गात मुलं किती होती?"

"वीस. बावीस."

"माझ्या वर्गात साठ! एकाला शंभरदा सांगत बसले तर बाकीच्यांनी काय करायचं? छताची कौलं मोजायची?"

"हे कारण झालं, उत्तर नाही!" आता सॉलही उभे. "नॉनसेन्स आहे हा!"

"नॉनसेन्स तुमचा! शंभरदा तेच ते सांगणाऱ्याला शिक्षक म्हणत नाहीत, रेडिओ म्हणतात!"

"रेडिओ?" सॉलची दाढी थरथरली. "बत्तीस वर्षं मी बीजगणित शिकवलंय, बाई!"

"म्हणूनच लोकांना बीजगणित येत नाही!"

बाकीच्या जोड्या आपापलं भांडण सोडून एकेक करून इकडे वळल्या. सॉलचं बोट हवेत, मावशींचं बोट त्यांच्या बोटासमोर, दोघांचेही चेहरे लालबुंद. कुणाचा तरी कॉफीचा कप कलंडला, पण उचलायला कुणी हललं नाही. रब्बी अर्ध्या उठल्या आणि घाबरून माझ्याकडे बघू लागल्या. डोळ्यांनीच म्हणाल्या, काहीतरी करा.

मी लॅपटॉप मिटला, मावशींचा कोट घेतला आणि हळूच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"मावशी, चला. घरी जाऊ या."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. सॉलवरची नजर न काढता, एका हातानं मला बाजूला सारत मराठीत म्हणाल्या, "तू जा, गाडी गरम करत बस. आत्ता कुठे माणूस बोलायला लागलाय!"