मोठ्या सिस्टरांची विचारपूस

आजारी पडायला माणसाला काहीच कष्ट पडत नाहीत, पण आमच्या मोठ्या सिस्टरांच्या वॉर्डात दाखल व्हायचं म्हणजे एखाद्या घरात सून म्हणून जाण्याइतकं अवघड काम होतं. दुसरीकडे ताप किती, खोकला किती, एवढं विचारून खाट देतात. सिस्टर पेशंटला आधी स्टुलावर बसवत, स्वतः त्याच्यासमोर बसत आणि आजाराचं सोडून बाकी सगळं विचारत. उपवास कोणते, मटण चालतं का, डोक्यावरचा पदर काढलेला चालतो का, गळ्यातला ताईत कुणी बांधला, पुरुष डॉक्टरनं तपासलं तर घरी कुणी बोलेल का, झोपताना डोकं कुठल्या दिशेला लागतं. मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या त्या तीस खाटांच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीत नवीनच रुजू झालो होतो आणि माझ्या खिडकीसमोरच वॉर्डाचं दार होतं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या बाई पेशंट दाखल करून घेत नाहीत, सोयरीक जमवतायत.

सिस्टर ठेंगण्या, रुंद, सावळ्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा की नेकनूरच्या एसटीत बसलेला कंडक्टरही खाली उतरून तिकीट काढील. पण पेशंटच्या उशाशी गेल्या की तोच आवाज दुधावर साय धरावी तसा मऊ व्हायचा. भाषांच्या बाबतीत त्यांना कसलीच भीड नव्हती. मुसलमान म्हाताऱ्या आल्या की त्या आपल्या हिंदीला हात घालत, आणि ती हिंदी अर्ध्या वाटेतच मराठीच्या घरी मुक्कामाला जायची. "खाला, हात हलाव मत, सुई वाकडी होती," असं एकदा त्यांनी बजावलं तेव्हा त्या खालाला इतकं हसू आलं की हात हललाच. रमजानात त्या डॉक्टरांच्या मागे लागून गोळ्यांच्या वेळा बदलून घेत, ज्यांना उपाशी राहणं झेपणार नाही त्यांना शेजारी बसून पटवत, आणि ज्या पटत नसत त्यांच्या मुलीला बोलावून घेत. वॉर्डात पडदा एकच होता आणि तोही फाटका. सिस्टरांनी मोडीत काढलेल्या दोन चादरी घरी नेऊन स्वतः शिवल्या आणि खाटांमध्ये दोरीवर टांगल्या. वॉर्डातल्या मामांना सक्त ताकीद होती की बायकांच्या बाजूला जाताना आधी दोनदा खोकायचं. मामा इतके इमानदार की पुढे त्यांना खोकल्याची सवयच लागली आणि क्षयाची तपासणी करावी लागली. काही निघालं नाही.

एका गोष्टीला मात्र त्या कधीच वाकल्या नाहीत. एका मोठ्या बागायतदाराच्या आई दाखल होत्या. पाण्याचा तांब्या समोर आला की हे कुणी भरलं म्हणून विचारायच्या, आणि आमच्या आयाबाईंचं नाव ऐकलं की तांब्या तसाच ठेवायच्या. त्यांचा मुलगा पुढारी, जीपमधून आलेला. त्यानं सिस्टरांना बाजूला घेऊन पाण्याची वेगळी सोय करा म्हणून सांगितलं. सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. उपवास पाळू, सोवळ्यातलं जेवण घरून येऊ द्या, तुळस उशाशी ठेवा, सगळं करू, म्हणाल्या. "पर ही मागणी आजाराची न्हाई. पाणी नळाचं हाय. नळाची जात इचारायची असंल तर बीडला इंजिनेराकडं जावा." म्हातारीनं सकाळभर पाणी घेतलं नाही. दुपारी आयाबाईंनीच तिचे पाय चेपून दिले, तेव्हा तिनं तांब्या तोंडाला लावला. सिस्टरांनी ते पाहिलं आणि चष्मा पुसत दुसरीकडे बघितलं.

आता सिस्टरांचं सगळं बरोबरच यायचं असं कुणी समजू नये. सिरसाळ्याचे एक किराणा दुकानदार साखरेच्या आजारानं आले होते. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग, बोलणं हळू. त्यांना बघून सिस्टर इतक्या प्रसन्न झाल्या की स्टुलावर बसवून विचारायचंच विसरल्या. सगळं आपल्याला ठाऊकच आहे, या थाटात कामाला लागल्या. त्यांची खाट खिडकीशी घेतली, सकाळी पूजेला तांब्याभर पाणी नि बेल ठेवला आणि सोमवार उजाडल्यावर त्यांचं ताट परत पाठवून दिलं. संध्याकाळी उपवास सोडतील, म्हणाल्या. सकाळचं इन्शुलिन मात्र नेहमीप्रमाणे देऊन झालं होतं. अकराच्या सुमाराला ते घामाघूम होऊन खाटेवर आडवे झाले. धावपळ झाली, साखरेचं पाणी पाजलं, सलाईन लावलं आणि अर्ध्या तासात ते सावरले. सावरल्यावर त्यांनी अगदी संकोचानं सांगितलं की साखर लागल्यापासून त्यांनी सोमवार सोडलाय, मठातल्या स्वामींनीच सोडायला सांगितलाय. आज ताट आलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, सरकारी दवाखान्याचा तसा नियम असेल.

सिस्टर माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, मी भस्माला इचारलं, माणसाला न्हाई." मग त्यांनी स्वतः जाऊन झाला प्रकार डॉक्टरांना सांगितला, वहीत लिहिला आणि त्या दुकानदारांपुढे हात जोडले. ते बिचारे जास्तच संकोचले. त्या दिवसापासून ओळखीचा पेशंट तिसऱ्यांदा आला तरी सिस्टर पुन्हा स्टूल ओढत आणि पहिल्यापासून सुरू करत. लोक कंटाळत. "माणूस सहा महिन्यांत बदलतो," एवढंच त्या म्हणत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर, कापसाची वेचणी ऐन जोरात असताना, नांदूरघाटकडच्या एका तांड्यावरची लमाण बाई जीपमधून आली. पन्नाशीच्या पुढची, घागऱ्यावर आरसे लावलेली, कोपराच्या वर दोन्ही दंडांत पांढऱ्या बांगड्यांचा चुडा. कापूस वेचताना डाव्या हाताला फुरसं चावलं होतं. आमच्याकडे तेव्हा नवे डॉक्टर होते, पुण्याकडचे, हुशार, कामाला वाघ, फक्त घाईचे. त्यांनी लगेच सर्पदंशाची लस सुरू केली. पण सूज मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून वर सरकत होती, आणि चुडा दंडात रुतायला लागला होता. बांगड्या कापल्या नाहीत तर हातात रक्त फिरणार नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्यांनी प्लास्टर कापायची कात्री मागवली. बाईनं उजवा हात त्या चुड्यावर दाबून धरला आणि मान हलवली. तो चुडा नवरा असेपर्यंत उतरवायचा नसतो, तो गेला की मगच. आणि तिचा नवरा बाहेर लिंबाखाली बसलेला होता.

डॉक्टरांनी समजावलं, मग आवाज चढवला. बाई एवढंच म्हणाली, "हात गेला तर जाऊ द्या. चुडा न्हाई." डॉक्टरांनी मामांना आणि आयाबाईंना तिला धरायला सांगितलं. मी लसीच्या बाटल्या घेऊन दारातच उभा होतो. सिस्टर मध्ये आल्या आणि पाच मिनिटं द्या म्हणाल्या. पाच मिनिटं नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. "मग तीन द्या," सिस्टर म्हणाल्या आणि चक्क पळत सुटल्या. त्यांना पळताना मी त्या एकाच वेळी पाहिलं.

मी तसाच त्यांच्या मागे गेलो. नवरा दवाखान्याकडे पाठ करून बसला होता, पागोटं मांडीवर. तो आत यायला घाबरत होता. आत गेलं की काहीतरी वाईट सांगतील, अशी त्याची समजूत. मला वाटलं, सिस्टर त्याच्याकडे परवानगी मागतील. त्या त्याच्यासमोर मातीतच बसल्या आणि विचारायला लागल्या. चुडा घातला कधी? लग्नात. उतरवायचा हक्क कुणाचा? कुणाचाच नाही, मी जिता असेपर्यंत, तो म्हणाला.

"मग तुमी चला आत," सिस्टर म्हणाल्या. "तुमी जिते हाव ह्ये तिला दिसू द्या. दुसऱ्या कुणी हात लावायच्या आदी तुमी लावा."

तो म्हणाला, बाई, नवऱ्यानं आपल्या हातानं चुडा फोडायचा, हे कुठं लिहिलंय? हा अपशकुन होईल. सिस्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमच्यात बांगडी फुटली कुणी म्हणत न्हाई, वाढली म्हणत्यात. तुमी फोडू नगा, वाढवा. सूज उतरली की नवा चुडा तुमीच आणा. ती बिनहाताची झाली तर भरणार कशात?"

त्यानं मांडीवरचं पागोटं उचललं. मग ते डोक्याला गुंडाळलं आणि उठला.

आत त्याला खाटेच्या कडेवर बसवलं. सिस्टरांनी चादरीचे पडदे ओढून घेतले, बांगडी आणि दंडाच्या मध्ये कशीबशी पट्टी सरकवली, त्याच्या हातात कात्री दिली आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. डॉक्टर घड्याळाकडे बघत बाजूला उभे होते. पहिली बांगडी कडकन् तुटली तेव्हा बाईनं डोळे मिटून घेतले. नवरा तिच्याकडे वाकून त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटला. दुसऱ्या बांगडीला तेच, तिसरीलाही तेच. मला ती बोली येत नाही. नंतर सिस्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, तो दुसरं काही बोलतच नव्हता. मी आहे, मी इथंच आहे, एवढंच प्रत्येक बांगडीला सांगत होता. शेवटची तुटली तेव्हा बाईनं डोळे उघडले, नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावरचा घाम आपल्या ओढणीनं पुसला. विष तिला चढलं होतं आणि घाम याला आला होता. तुकडे कचऱ्याच्या बादलीत जाऊ न देता सिस्टरांनी ते स्वच्छ फडक्यात बांधले आणि तिच्या उशाखाली ठेवले.

हात वाचला. एका बोटाचं टोक तेवढं काळं पडून गेलं. बारा दिवसांनी ती घरी गेली तेव्हा नवऱ्यानं नवा चुडा पिशवीतून आणलेला होता, पण तो तांड्यावरच्या बायकांच्या हातूनच भरायचा म्हणून पिशवीतच ठेवला. डॉक्टरांनी तिला दारापर्यंत सोडलं आणि 'याडी' म्हणून निरोप दिला. याडी म्हणजे आई, हे त्यांनी आधी सिस्टरांना विचारून घेतलं होतं. पुढे बदली होईपर्यंत ते दाखल होणाऱ्या पेशंटपाशी स्टूल ओढून बसत. त्यांना सुरुवातीला नीट जमायचं नाही. एका पहिलवानाला त्यांनी पदराबद्दल विचारल्याचं आयाबाई अजून सांगतात.

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. सगळे त्यांच्याविषयी बोलले, पण त्या सुपारी कातरत ऐकत होत्या आणि मध्येच वॉर्डात चक्कर मारून येत होत्या. नंतर दोनेक वर्षं गाठ नव्हती. गेल्या उन्हाळ्यात कळलं की त्या अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि बीडला एका दवाखान्यात ऑपरेशन झालंय. मी सुटी काढून गेलो. दवाखाना चांगला होता. स्वच्छ चादरी, वेळेवर औषधं, मुली हसतमुख. कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. सिस्टर मात्र गप्प गप्प होत्या. आवाज बारीक झाला होता. मी तिकडच्या बातम्या सांगितल्या, कुणाची बदली झाली, मामांचा नातू कुठं लागला. त्या हूं हूं करत होत्या.

बोलायचं संपलं आणि मला एकदम जाणवलं की अकरा वर्षं समोरासमोर काम करून या बाईंबद्दल मला काहीच ठाऊक नाही. त्या कुठला देव मानतात, काय आवडीनं खातात, घरी कोण आहे. त्यांनी अख्ख्या तालुक्याला विचारलं होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. कोपऱ्यात स्टूल होतं. ते ओढून मी बसलो आणि विचारलं, "सिस्टर, तुम्हाला इथं काय हवं-नको? तुमची काही पद्धत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जरा लाजून म्हणाल्या, "पायावरची चादर काढ, भाऊ. ह्या पोरी लई चांगल्या हायत, सारख्या झाकून जात्यात. चौतीस वर्षं बुटात होते पाय. आता त्यास्नी जरा वारा लागू दे."

मी चादर घोट्यांच्या वर सरकवली. रुंद, भेगाळलेली, करंगळ्या आत वळलेली पावलं होती ती. पंख्याचा वारा लागला तशी त्यांनी बोटं जरा पसरली आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं एक नर्स आली आणि सवयीनं चादर ओढायला वाकली. राहू द्या, त्यांना उघडे आवडतात, मी म्हणालो. तिनं चादर सोडली, हातातल्या कागदावर काहीतरी टिपलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"त्या मला भाऊ म्हणतात," मी म्हणालो. सिस्टरांना झोप लागली होती. मी आणखी थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.